दांडे फुल, नेट गुल

"आवो सर, दांडे तर फुल दाखवायलेत, मग नेट काहून चालंना?"

कळमनुरीत आमच्या गल्लीत संध्याकाळी सातच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो. त्याच वेळी कुणाच्या पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म अडलेला असतो, कुणाचा पीक विमा भरायचा शेवटचा दिवस असतो, कुणाला पुण्याच्या लेकीशी व्हिडिओवर बोलायचं असतं. मी शाळेत शिकवतो, नेटवर्कचा इंजिनिअर नाही. पण स्वतःच्या राउटरशी झटापट करता करता थोडंफार कळायला लागलं आणि मग गल्लीनं मला कामाला लावलं. गेलो की पहिल्यांदा ते दांडेच समजावून सांगावे लागतात.

फोनवर दिसणारे वायफायचे दांडे एवढंच सांगतात की तुमचा फोन आणि तुमचा राउटर यांचं एकमेकांशी बरं चाललंय. राउटरच्या पलीकडं काय आहे, हे त्या दांड्यांना माहीत नसतं. गावभरातलं नेट बंद असलं तरी राउटरशेजारी बसलेल्या माणसाला दांडे फुलच दिसणार.

ज्याचं रान इसापूरच्या कालव्यावर आहे, त्याला हे चटकन पटतं. टेलच्या चारीला पाणी आलं नाही तर तो आपली मोटार खोलत बसत नाही. आधी वरच्या शेजाऱ्याला विचारतो, तुझ्याकडं आलंय का? मग कालवा बघतो, मग धरणातून पाळी सोडली की नाही ते. नेटचंही तसंच आहे. फोन ते राउटर हा पहिला टप्पा, हवेतून. राउटर ते भिंतीवरची फायबरची पेटी हा दुसरा. हल्ली पुष्कळ घरांत दोन्ही एकाच डब्यात असतात. पेटीपासून खांबावरून ऑपरेटरच्या ऑफिसापर्यंत काचेचा धागा, हा तिसरा. तिथून पुढं मोठ्या शहरांकडं आणि जगाकडं, हा चौथा. "नेट नाही" म्हणजे यातल्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर नाही, हे शोधायचं असतं.

पहिला टप्पा तपासणं सोपं. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.१.१ असा काहीतरी आकडा असतो. तो फोनच्या ब्राउजरमध्ये टाका. राउटरचं पान उघडलं की पहिला टप्पा ठीक, बिघाड त्याच्या पुढं आहे. लॅपटॉपला मिळालेला पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर उलटं: राउटरनं त्याला पत्ताच दिलेला नाही, लॅपटॉपनं मनानं एक लावून घेतलाय.

"कनेक्टेड, पण इंटरनेट नाही" असं फोन म्हणतो तेव्हा तो अंदाज बांधत नसतो. अँड्रॉइड फोन वायफायला जोडला गेला की गुपचूप गुगलच्या एका पत्त्यावर हाक मारतो. तिथून २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर आलं की नेट आहे असं मानतो. उत्तरच आलं नाही तर "इंटरनेट नाही". आणि उत्तराऐवजी भलतंच पान आलं तर "साइन इन करा" म्हणतो. हे भलतं पान पुष्कळदा ऑपरेटरचं असतं आणि त्याचा अर्थ रिचार्ज संपला एवढाच असतो. लोक राउटर उलटापालटा करतात, वायरी हलवतात. रिचार्जचं विचारलं की मात्र घरात शांतता पसरते. माझ्याही घरात पसरली आहे.

आता लाल दिवा. पेटीवर एल-ओ-एस अशी तीन इंग्रजी अक्षरं असलेला दिवा लाल लुकलुकायला लागला की "राउटर जळलं" असा निकाल लागतो आणि मोंढ्याकडच्या दुकानात नव्या राउटरची चौकशी सुरू होते. प्रत्यक्षात तो दिवा पेटतोय म्हणजे पेटी जिवंत आहे. ती सांगतेय की माझ्यापर्यंत उजेड पोचत नाही. फायबरमधून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो आणि तो कुठंतरी अडलाय. फांदी पडली असेल, जेसीबीनं खोदताना केबल ओढली असेल, उंदरानं कुरतडली असेल किंवा तुमच्याच कपाटामागं ती काटकोनात दुमडली असेल. तांब्याच्या तारेला दुमडल्याचं काही वाटत नाही. काचेच्या धाग्यातून मात्र तीव्र वळणावर उजेड बाहेर सांडतो. म्हणून जास्तीची केबल ताटलीएवढ्या मोठ्या वेटोळ्यात ठेवायची, खिळ्याभोवती गुंडाळायची नाही.

हा उजेड किती नाजूक हिशोबावर चालतो ते कळलं की केबलशी खेळावंसं वाटत नाही. धाग्याचा ज्यातून प्रकाश जातो तो गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका. ऑपरेटरकडून निघालेला एक धागा वाटेत स्प्लिटर नावाच्या डबीत फुटतो आणि बऱ्याचदा ३२ घरांत वाटला जातो. दर वेळी दोन वाटे झाले की उजेड निम्मा. अशा पाच वाटण्या झाल्या की ३२ घरं. केबलवाल्याचा पोरगा खिशातून छोटं मीटर काढून "उणे वीस, चांगलंय" म्हणतो ते याच उरलेल्या उजेडाचं माप. उणे २७ च्या आसपास पेटी धापा टाकायला लागते. उणे ३० म्हणजे उणे २० च्या फक्त एक दशांश उजेड, तिथं ती हात टेकते. त्यात आपण पेटीतून धाग्याचं टोक उपसून सदऱ्याला पुसलं तर गाभ्यापेक्षा मोठा धुळीचा कण त्याच्यावर बसवून ठेवतो. टोक पुसू नये आणि त्यात डोळा लावून तर मुळीच बघू नये. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा लेझर असतो. काही दिसलं नाही म्हणजे काही येत नाही असं नसतं.

लाल दिवा दिसला तर स्वतः करण्यासारखं एवढंच: वेटोळं, वळण बघा, पेटीत टोक नीट बसलंय का ते बोटानं हलकेच दाबून बघा. मग फोन लावा आणि "नेट नाही" असं न सांगता "एल-ओ-एस लाल आहे, शेजारी चालू आहे" असं सांगा. शेजारी चालू असेल तर बिघाड तुमच्या धाग्यात, सगळी गल्ली बंद असेल तर वर कुठंतरी. ऐकणाऱ्याला शिडी घेऊन यायचं की जोड लावायचं मशीन, हे त्यावरून ठरवता येतं. लाल दिवा नाही, पेटीवरचा "पॉन" नावाचा हिरवा दिवा स्थिर आहे आणि तरी नेट नाही, तर धागा शाबूत आहे. मग गोष्ट रिचार्जची, लॉगिनची किंवा चौथ्या टप्प्याची.

"पाऊस आला की नेट जाणारच" हा समज तांब्याच्या तारेच्या काळातला. तेव्हा जोडात ओल शिरली की फोनवर खरखर व्हायची आणि तिच्यावरचं ब्रॉडबँड रडायचं. काचेला ओलीचं तेवढं भय नाही. पावसाळ्यात फायबर बंद पडतं ते बहुतेकदा वाऱ्यानं, फांदीनं, उघड्या राहिलेल्या जोडाच्या डबीनं. आकाशातल्या विजेचं भय मात्र खरं आहे. काचेतून वीज येत नाही, पण अॅडॉप्टरच्या सॉकेटमधून येते आणि गच्चीवरून खालच्या मजल्यावर सोडलेल्या लॅनच्या तांब्याच्या वायरीतूनही येते. कडकडाट सुरू झाला की दोन्ही काढून ठेवलेलं बरं. फायबर राहू द्या.

यालाच लागून "लाईट गेली की नेट जातंच". आमच्याकडं लाईट जाण्याला काही मुहूर्त लागत नाही, म्हणून हे नीट समजून घेण्यासारखं आहे. खांबावरच्या त्या स्प्लिटरच्या डबीला वीज लागतच नाही. ती नुसती उजेड वाटते. वीज लागते ती दोन टोकांना, ऑपरेटरच्या ऑफिसात आणि तुमच्या घरात. तिकडं बॅटरी असते. तुमच्या घरातली पेटी १२ व्होल्टवर चालते आणि तिच्यासाठी वहीएवढ्या आकाराचा मिनी यूपीएस बाजारात मिळतो. अख्ख्या घराला इन्व्हर्टर नसला तरी तो लावून लाईट नसताना नेट चालवता येतं. चार-सहा तास लाईट आली नाही तर मात्र ऑपरेटरची बॅटरीही बसू शकते. मग तुमचा यूपीएस भरलेला असून उपयोग नाही.

अॅडॉप्टरवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसवणारी वस्तू तीच. घरात पाच-सहा काळे अॅडॉप्टर असतात, सगळ्यांची पिन सारखीच गोल. झाडलोटीत अदलाबदल होते. जुन्या सेट टॉप बॉक्सचा ९ व्होल्टचा १२ व्होल्टच्या राउटरला लागला, तर पुष्कळदा दिवे पेटतात, वायफायचं नावही दिसतं आणि कुणी व्हिडिओ लावला की राउटर ढेपाळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. घरचे म्हणतात, नेट येतंय-जातंय, ऑपरेटर चोर आहे. जुना झालेला अॅडॉप्टरही असाच वागतो. उलट बाजूनं, ५ व्होल्टच्या डब्याला १२ व्होल्ट दिले तर डबाच जायचा. व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा अॅडॉप्टरवर राउटरपेक्षा जास्त असला तरी चालतो, कमी नको. मी माझ्या अॅडॉप्टरवर पांढऱ्या रंगानं "राउटर" लिहून ठेवलंय.

"बंद करून चालू करणं हा काय उपाय झाला?" असं शिकलेली माणसं म्हणतात. हा उपायच आहे. राउटर म्हणजे एक बारका कॉम्प्युटर. घरातला कुठला फोन जगातल्या कुठल्या सर्व्हरशी बोलतोय याची यादी तो आपल्या थोड्याशा मेमरीत ठेवतो. महिनोन्‌महिने चालू राहिला की ती यादी तुंबते, कधी एखादा प्रोग्राम अडकून बसतो. वीज काढली की पाटी कोरी. फक्त लगेच लावू नये, आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरलेली असते. अर्धा मिनिट थांबावं. आधी पेटी लावायची, तिचे दिवे स्थिर होऊ द्यायचे, मग राउटर. दोन-तीन मिनिटं जातात. आमच्याकडं लोक दर दहा सेकंदाला बटण दाबतात. त्यानं काम वाढतंच, कारण ऑपरेटरकडं तुमचं जुनं लॉगिन काही वेळ चालूच दिसत राहू शकतं आणि नव्याला दारात अडवलं जातं.

चार अँटेनांचा नवा राउटर आणला की नेट जोरात, हाही एक महागडा समज. चार अँटेना कोरड्या चारीतून पाणी ओढत नाहीत. आणि नेट मागच्या खोलीत पोचत नसेल तर आधी भिंत बघा. जुन्या घरांची दीड-दोन फुटांची दगडी भिंत आणि वर पत्रे, यांच्यापुढं ५ गिगाहर्ट्‌झची लहर लवकर दमते. ती वेगवान, पण आखूड पल्ल्याची. २.४ गिगाहर्ट्‌झची हळू चालते पण भिंतीपलीकडं जाते. फोनमध्ये दोन नावं दिसत असतील तर मागच्या खोलीत २.४ चं निवडा. आणि राउटर लोखंडी कपाटावरून, टीव्हीच्या मागून काढून मधल्या दारापाशी उंचावर ठेवा. फुकटात होणारं काम आहे.

एक दुखणं मात्र खरंच चकवतं. व्हॉट्सअॅप चालतंय, पण एकही वेबसाइट उघडत नाही. इथं डीएनएसवर संशय घ्यावा. वेबसाइटचं नाव आणि तिचा आकड्यांतला पत्ता यांची जुळणी करून देणारी ती वही. ऑपरेटरची वही बंद पडली की धागा शाबूत असून नावं सापडत नाहीत. फोनच्या किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये ८.८.८.८ (गुगलची, २००९ पासून) किंवा १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरची, २०१८ पासून) टाकून बघावं. आणि फोनवर सगळं उघडतंय, एका कॉम्प्युटरवरच उघडत नाही, तर त्याचं घड्याळ बघा. शाळेच्या लॅबमध्ये एका जुन्या मशीनचा आतला सेल संपला होता. चालू केलं की ते दर वेळी २०१० सालात जायचं. वेबसाइटच्या सुरक्षेच्या दाखल्यावर मुदतीच्या तारखा असतात. मशीनला वाटायचं हा दाखला अजून लागूच झालेला नाही आणि ते पान नाकारायचं. आम्ही आठवडाभर राउटरला शिव्या दिल्या. नवा सेल घातला आणि काम झालं.

राहिलं ते रिसेटचं भोक. राउटरच्या मागं टाचणी जाईल एवढं भोक असतं आणि कुणीतरी सांगितलेलं असतं, "नेट चालंना की पिन टोचायची." बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. टाचणी दहा सेकंद दाबून धरली की राउटर कारखान्यातून निघाला तसा होतो: वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो आणि ऑपरेटरनं भरलेलं लॉगिनही जातं. नेट पाच मिनिटांत आपोआप येणार असलं तरी मग येत नाही.

हे मला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळलं. नेट थोडं रेंगाळत होतं, मी टाचणी घेतली. लॉगिन काय होतं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि सणाचे दिवस, ऑपरेटरकडचा फोन कोण उचलणार? भाऊबीज झाल्यावर त्यांचा पोरगा आला, दोन ओळी टाइप केल्या, पाच मिनिटांत नेट सुरू. जाताना त्यानं वहीचा एक कागद फाडून त्यावर युजरनेम, पासवर्ड लिहिला आणि राउटरच्या मागं चिकटवला. म्हणाला, "सर, आता टाचणी मारली तरी चालतंय." कागद अजून तिथंच आहे. राउटर तापत राहतो आणि शाई उडत चाललीय; पासवर्डमधलं तिसरं अक्षर एस आहे की पाच, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.