रोमन शिपाई व्हायचंय? आधी लोकर आणा!

सिनेमातला रोमन शिपाई ऐटबाज दिसतो. पण तोच वेश चढवून उन्हापावसात चालायचं म्हटलं तर? युरोपात इतिहासाचे अभ्यासक आणि हौशी मंडळी नेमकं तेच करतात. जुन्या पद्धतीने कपडे विणायचे, चिलखत ठोकायचं आणि वापरून बघायचं. त्यातल्या काही गमती. शेवटच्या दोन तर थेट आपल्या धाडच्या उंबरठ्याशी येतात!

गणवेशाची ऑर्डर
इ. स. १३८ मधल्या एका पपायरसवर चक्क मापं सापडली. इजिप्तमधल्या विणकरांनी आजच्या तुर्कस्तानातल्या फौजेसाठी पट्ट्यासह सदरा द्यायचा होता. सुमारे दीड मीटर लांब, जवळपास तितकाच रुंद, मऊ पांढऱ्या लोकरीचा. त्यापोटी आगाऊ २४ द्राख्मा. एवढा ढगळ सदरा घालून लढायचं कसं? कमरेला पट्टा आवळून वर ओढायचा, की आला गुडघ्यापर्यंत.

पट्टा फक्त मिरवायला नाही
कड्यांच्या चिलखताचं वजन दहा किलोच्या आसपास. सगळा भार खांद्यांवर. पण वरून पट्टा घट्ट बांधला की त्यातला बराचसा कमरेवर उतरतो. हे पुतळे बघून कळत नाही, अंगात घातल्यावर लगेच कळतं.

पेटीतलं कोडं
१९६४ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्ब्रिजला एका लाकडी पेटीत लोखंडी पट्ट्यांच्या चिलखताचे गंजलेले भाग मिळाले. एच. रसेल रॉबिन्सन यांनी प्रतिकृती करून जोडणी उलगडली: पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांवर बसवलेल्या होत्या, म्हणून शिपायाला वाकता येई. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ ही हौशी पलटणच उभी राहिली.

चिलखताखाली काय?
लोखंड अंगाला काचू नये म्हणून आत जाड नमदा (दाबलेल्या लोकरीचं कापड) घाला, असं एका अनामिक रोमन लेखकाने सांगून ठेवलंय. पण नमदा पावसात भिजला की जड होतो. त्यावरही त्याचा तोडगा तयार: वरून कातड्याचं आवरण!

घरून आलेलं पार्सल
ब्रिटनच्या थंडीत कुडकुडणाऱ्या शिपायांच्या विंडोलंडा या ठाण्यात लाकडी पातळ फळ्यांवरची पत्रं सापडली. एका पत्रात पाठवलेल्या सामानाची यादी आहे: मोजे, चपला आणि आतल्या चड्ड्यांचे दोन जोड.

आल्प्स पायी
१९८५ मध्ये जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान काही साथीदारांसह रोमन वेशात, पाठीवर पूर्ण सामान घेऊन, इटलीतल्या वेरोनाहून आल्प्स ओलांडून जर्मनीतल्या आउग्सबुर्गला चालत गेले. कपडे, जोडे, ओझं सगळ्याचीच परीक्षा झाली.

पीळ सांगतो गाव
लोकरीच्या या दुनियेत आपली कपाशीही होती. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात रोमन काळातलं सुती कापड सापडलं. त्यातलं भारतीय कोणतं, हे ओळखायची एक खूण म्हणजे सुताचा पीळ. इजिप्तचं सूत सहसा एका बाजूला पिळलेलं, भारताचं उलट्या बाजूला. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तेर इथून माल भडोच बंदरात जाई, अशी नोंद आहे. तेरच्या मालात कापड भरपूर.

शेजारची बाहुली
धाडच्या शेजारचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. त्याच्याशी जुळणारी मूर्ती कुठे सापडली? १९३८ मध्ये, थेट इटलीत! इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

तेव्हा धाड परिसरातल्या शिक्षकांनो, यंदा इतिहासाचा एक तास टकळीवर घ्या. मूठभर कापूस द्या, टकळी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवायला सांगा आणि दोन्ही सुतांचे पीळ शेजारी ठेवून मुलांनाच फरक शोधू द्या.