स्क्रीन न बघता कॉम्प्युटर वापरायचा कसा? टी. व्ही. रमण यांचं काम समजून घेऊया

मागच्या वर्षी मी एक छोटं ॲप बनवलं. आमच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीतले कांदा-टोमॅटोचे भाव रोज एका टेबलमध्ये दाखवायचं, बस्स. घरच्या सगळ्यांना कौतुकाने दाखवलं. माझ्या एका मामांची नजर शुगरमुळे गेली आहे. ते फोन टॉकबॅकवर वापरतात, म्हणजे स्क्रीनवर बोट फिरवलं की फोन बोलतो. त्यांनी माझं ॲप उघडलं आणि फोन बोलू लागला: "बटण. बटण. लेबल नसलेलं बटण." मग नुसते आकडे. मामा म्हणाले, "अरे, यात कांदा कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. आपल्यासारखे इंजिनिअर स्क्रीन डोळ्यांनी बघतात आणि सगळं सांगून झालं असं समजतात. हे समजून घ्यायला मी वाचायला बसलो आणि सारखं एकच नाव समोर यायला लागलं: टी. व्ही. रमण. माणूस पुण्यात वाढलेला, हे तर मला माहीतच नव्हतं!

रमण यांचा जन्म १९६५ चा. वयाच्या १४ व्या वर्षी काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली. तरी त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजमधून गणितात पदवी घेतली, मग आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्स आणि पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी. त्या काळी अभ्यास म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पुस्तक वाचून दाखवायचं आणि यांनी ऐकायचं. गोष्ट कादंबरीची असेल तर ते ठीक आहे. पण गणित?

इथे जरा थांबूया, कारण खरी गंमत इथेच आहे. मी म्हणालो, "अ अधिक ब भागिले क." आता तुम्ही काय लिहाल? अ आणि ब ची बेरीज करून तिला क ने भागायचं, की फक्त ब ला भागायचं? कागदावर भागाकाराची रेघ किती लांब आहे हे बघून लगेच कळतं. कानाला ती रेघ दिसत नाही. शाळेत सर फळ्यावर लिहिता लिहिता बोलायचे म्हणून आपलं निभावलं.

रमण यांनी पीएचडीत नेमका हाच प्रश्न घेतला. गणिताचे लोक टेक किंवा लेटेक नावाच्या भाषेत मजकूर लिहितात, त्यात समीकरणाची रचना आधीच नोंदलेली असते. ती रचना वाचून समीकरण बोलून दाखवणारी प्रणाली त्यांनी बनवली. घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत जातो, पायाशी लिहिलेला अंक आला की खालच्या पट्टीत. समीकरण फार लांब असेल तर त्याच्या तुकड्यांना नावं देऊन आधी ढाचा ऐकवायचा, तुकडे नंतर. या प्रणालीचं नाव ॲस्टर, रमण यांच्या मार्गदर्शक कुत्रीच्या नावावरून. या प्रबंधाला एसीएम या संस्थेचा १९९४ चा डॉक्टरल डिझर्टेशन पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, त्यांनी ईमॅकस्पीक प्रसिद्ध केलं. ईमॅक्स हा जुना टेक्स्ट एडिटर. त्यात कोड लिहिता येतो, मेल वाचता येतो, कॅलेंडरही आहे. नेहमीचा स्क्रीन रीडर काय करतो? स्क्रीनवर जी अक्षरं दिसतात ती वाचतो. कॅलेंडरमध्ये तुम्ही १२ तारखेवर असाल तर तो म्हणेल "बारा". वार वरच्या ओळीत, महिना त्याच्याही वर, ते डोळ्यांनी जोडायचं. ईमॅकस्पीक मात्र वार, तारीख, महिना, वर्ष असं पूर्ण सांगतं. कारण ते स्क्रीन वाचतच नाही, थेट प्रोग्रॅमला विचारतं की तुझ्याकडे आत्ता कोणती माहिती आहे.

हे जमलं कसं, तर ईमॅक्समध्ये 'ॲडव्हाइस' नावाची सोय आहे. मूळ फंक्शनला हात न लावता त्याच्या आधी किंवा नंतर आपला कोड चिकटवता येतो. 'पुढच्या ओळीवर जा' हे फंक्शन चाललं की लगेच 'ती ओळ बोल'. हजारो ओळींचा मूळ कोड तसाच, वर बोलण्याचा एक थर. शिवाय कोडमधल्या कॉमेंटला एक आवाज, कीवर्डला दुसरा, जसे आपल्याला रंग दिसतात तसे. कुणाला व्हीएस कोड विरुद्ध ईमॅक्स वाद घालायचा असेल तर घाला, पण हे डिझाइन एकदा बघाच.

मधल्या काळात त्यांनी डिजिटल, अडोबी आणि आयबीएममध्ये काम केलं. २००५ मध्ये ते गूगलमध्ये गेले. तिथे सहकारी चार्ल्स चेन यांच्याबरोबर त्यांनी टचस्क्रीनचा प्रश्न घेतला. गुळगुळीत काचेवर बटणं चाचपडता येत नाहीत, मग नंबर लावायचा कसा? त्यांचं उत्तर मला फार आवडतं: बोट जिथे टेकेल तिथे ५. तिथून वर सरकवलं की २, खाली ८, डावीकडे ४. म्हणजे बटण शोधायचंच नाही, बटण बोटाखाली येतं. चुकलं तर फोन हलवायचा, आकडा पुसला जातो. २००९ मध्ये अँड्रॉइड १.६ बरोबर टॉकबॅक आलं, तेही याच दोघांच्या कामातून. मामांच्या फोनमध्ये बोलतं ते हेच.

परत माझ्या ॲपकडे. बटणांना नावं द्यायला अर्धा तास लागला. अँड्रॉइडमध्ये 'कंटेंट डिस्क्रिप्शन' भरायचं, वेबवर 'एरिया-लेबल'. इतकं सोपं असून मी ते केलं नव्हतं, याची लाज वाटली. टेबल मात्र अवघड निघालं. समजा किमान ८००, कमाल १८५०, सर्वसाधारण १४००. डोळ्यांना वरचं शीर्षक दिसतं, टॉकबॅक प्रत्येक चौकोन सुटा वाचत होता. अगदी त्या कॅलेंडरच्या "बारा"सारखं. मग मी प्रत्येक ओळ एकत्र केली आणि तिला एक वाक्य दिलं: "उन्हाळ कांदा, क्विंटलला सर्वसाधारण १४००, किमान ८००, कमाल १८५०." सर्वसाधारण आधी, कारण मामांना तेच आधी हवं असतं.

ट्रॅक्टर भरायच्या आधी मामा आता भाव स्वतः ऐकतात, शेजारच्या पोराला हाक मारत नाहीत. परवा त्यांनी नवीन तक्रार केली: पंधरा ओळी ऐकत बसावं लागतं, टोमॅटोवर थेट उडी का मारता येत नाही? प्रत्येक पिकाच्या नावाला हेडिंग केलं की टॉकबॅकमध्ये एका हेडिंगवरून दुसऱ्यावर जाता येतं. या रविवारी तेच करतोय.