भिडेवाड्याचें पाडकाम

पुण्यास बुधवार पेठेंत, दगडूशेठ हलवाई गणपतीचें मंदिर आज जेथें आहे त्याच्या समोर, भिडेवाडा होता. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं तेथें मुलींची शाळा काढली. जागा दिली तात्यासाहेब भिडे यांनीं. त्या काळीं असल्या कामास घराचें दार उघडणें म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष ओढवून घेणेंच होय.

पुढें वाड्यांत दुकानें आलीं. महापालिकेनें राष्ट्रीय स्मारकासाठीं जागा मागितली, तेव्हां भाडेकरूंनीं विरोध केला. त्यांना नांवें ठेवणें सोपें. पण ज्याची चूल गाळ्यावर पेटते, त्यानें न्यायालयाची पायरी चढूं नये असें कोण म्हणेल? ऑक्टोबर २०२३ मध्यें उच्च न्यायालयानें व नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांचें म्हणणें फेटाळलें. डिसेंबरांत एका रात्रींत वाडा जमीनदोस्त झाला.

आमचें दुःख निराळें आहे. ज्या शाळेचें स्मारक व्हावयाचें, तिच्याच भिंती त्यापायीं गेल्या! वाडा मोडकळीस आला होता, हें खरें. परंतु तो तसा होईपर्यंत शहर काय करीत होतें? सप्टेंबर २०२४ मध्यें स्मारकाची पायाभरणी झाली. त्यांतील एक तरी खोली मुलींच्या चालत्या वर्गास द्यावी, एवढें मागणें पुणेकरांनीं महापालिकेपाशीं अवश्य करावें.