संगणकांतील हार्ड डिस्क थंड कशी ठेवावी ?

वैशाखांत मालवणच्या किनाऱ्यावर दुपार तापूं लागली म्हणजे आपण काय करतों ? पडवींत येऊन बसतों, समोरासमोरच्या खिडक्या उघडतों आणि खारे वारे सुटण्याची वाट पाहतों. घर मोठें असलें तरी हवा खेळती नसेल तर जीव घाबरा होतो; उलट लहानशा खोलींतहि एका बाजूनें वारा येऊन दुसऱ्या बाजूनें जात असेल तर बरें वाटतें. टेबलावरील संगणकाची पेटी हें असेंच एक लहानसें घर होय. त्यांत राहणाऱ्या मंडळींपैकीं हार्ड डिस्क ही सर्वांत जपण्याजोगी. कारण इतर भाग बिघडले तर दुसरे विकत मिळतात, परंतु डिस्कवर सांठविलेले आपले फोटो, हिशेब व निबंध कोठेंहि विकत मिळत नाहींत. तिला उष्णतेपासून कसें राखावें, ह्याचा विचार ह्या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही डिस्क म्हणजे काय तें पाहूं. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं जी पहिली डिस्क बाजारांत आणिली, तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, यंत्राचें वजन जवळजवळ एक टन भरे, आणि एवढा पसारा असून तिच्यांत अवघीं ५० लक्ष अक्षरें मावत. आज हातांत सहज धरतां येणाऱ्या डिस्कमध्यें त्याच्या लक्षावधि पट मजकूर राहतो. आंतील तबकड्या कांचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असून त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळां फिरतात. वाचणारें व लिहिणारें टोंक तबकडीस स्पर्श करीत नाहीं. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर तें तरंगतें, आणि हें अंतर केंसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्श्याहूनहि कमी असतें.

ही सारी धांवपळ करण्यास डिस्कला सुमारें ५ ते १० वॉट वीज लागते, व ती वीज शेवटीं उष्णतेच्याच रूपानें बाहेर पडते. शेजारीं राहणारे प्रोसेसर व वीज पुरविणारी पेटी हेहि आपापली उष्णता त्याच घरांत सोडीत असतात. ती निघून गेली नाहीं तर मोटरीच्या धारव्यांतील तेल पातळ होतें, धातु प्रसरण पावतात आणि खालच्या पाटीवरील नाजूक भाग लौकर जीर्ण होतात. पुष्कळ डिस्कांवर कारखानदार ६० अंश सेंटिग्रेड ही कमाल मर्यादा सांगतात. घरच्या वापरांत उष्णतामान ४५ अंशांच्या आंत राहिलें म्हणजे समाधान मानावें.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पंख्याखालीं बसल्यावर आपणांस गार वाटतें, तें अंगावरील घामाची वाफ होते म्हणून. माठांतील पाणी थंड होतें तेंहि ह्याच कारणानें. डिस्कला घाम येत नाहीं. म्हणून पंखा कितीहि जोरानें फिरविला तरी खोलींतील हवेपेक्षां ती अधिक थंड होणार नाहीं. मे महिन्यांत खोली ३४ अंशांवर असतां डिस्क ४० अंश दाखवीत असेल, तर पंख्यानें आपलें काम चोख बजावलें असें समजावें.

मग जितकी थंड तितकी चांगली, असें म्हणावें काय ? तसेंहि नाहीं. गूगल कंपनीच्या संशोधकांनीं एक लक्षाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत असें आढळलें कीं, मध्यम उष्णतामानांत राहणाऱ्या डिस्का विशेष बिघडत नाहींत. फार थंड राहणाऱ्याच अधिक बिघडल्या, आणि अति उष्णतेचा त्रास मुख्यतः जुन्या डिस्कांस झाला. तेव्हां हेतु गारठा उत्पन्न करण्याचा नसून, उष्णता सांचूं न देण्याचा असावा.

ह्या बाबतींत आम्हीं स्वतः केलेल्या दोन चुका सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं, कारण त्यांपासून इतरांस लाभ होईल. आमचें घर समुद्रापासून जवळ. खाऱ्या वाऱ्यानें खिडकीचे गज कसे खातात हें आम्हीं लहानपणापासून पाहिलें होतें. म्हणून संगणकाची पेटी आम्हीं माजघरांतील लांकडी कपाटांत दार लावून ठेविली. वारा लागला नाहीं खरा, परंतु मे महिन्यांत एके दिवशीं डिस्कचें उष्णतामान पाहतों तों ५८ अंश ! घाबरून आम्हीं पेटी बाहेर काढिली, तिची बाजूची पत्रावळ उघडून टाकिली, आणि ती पश्चिमेच्या खिडकीपाशीं ठेवून समोर टेबलपंखा लाविला. उष्णतामान झटकन उतरलें, व आम्ही निश्चिंत झालों. पुढें मृगाचा पाऊस सुरू झाला. पेटी तशीच उघडी राहिली. नवरात्राच्या सुमारास डिस्क एकाएकीं बंद पडली. पाहिलें तों स्क्रू तांबेरले होते आणि वायरीच्या सांध्यांवर हिरवट थर चढला होता. त्या डिस्कवर आमच्या आजीनें म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या सांठविलेल्या होत्या. आजी त्यापूर्वींच वारली होती. त्या ओव्या पुन्हां आमच्या हातीं आल्या नाहींत.

पहिल्या चुकींत आम्हीं उष्णता कोंडली, दुसरींत खारट दमटपणा आंत बोलाविला. कोंकणांत राहणाऱ्यास ह्या दोन्ही शत्रूंचा एकदम विचार करावा लागतो. पावसाळ्यांत बरणींतील मिठास पाणी सुटतें तें हवेंतील बाष्पामुळें. आणि क्षाराचे कण बसलेल्या धातूवर हेंच बाष्प जमून गंज चढतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मोठ्या संगणकशाळांचा अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतहि डिस्का बिघडण्यास उष्णतेपेक्षां हवेची सापेक्ष आर्द्रता अधिक कारण होते असें दिसून आलें. आतां गंमत पाहा. बाहेरील हवा ३० अंशांवर असून तिची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ८० असेल, तर तीच हवा पेटींत शिरून ४० अंशांपर्यंत तापतांच तिची आर्द्रता शेंकडा ४६ च्या सुमारास येते. बाष्प तितकेंच राहतें, परंतु उष्ण हवेची तें सामावून घेण्याची शक्ति वाढते. म्हणजे बेताची ऊब ही डिस्कची वैरीण नसून पावसाळ्यांतील मैत्रीण होय.

आतां प्रत्यक्ष उपाय. पेटी बंद कपाटांत ठेवूं नये, व समुद्राकडील खिडकीच्या तोंडींहि ठेवूं नये. आंतल्या खोलींत भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावी. तिचीं पत्र्याचीं झांकणें लावलेलीं असावींत, कारण तीं उघडलीं म्हणजे हवेचा ठराविक मार्ग मोडतो व धूळ मात्र वाढते. पुढील बाजूस खालीं हवा आंत घेणारा एक पंखा व मागें वरच्या अंगास ती बाहेर टाकणारा दुसरा, अशी योजना करावी. उष्ण हवा वर चढते, तिला वरूनच वाट द्यावी. हवेची दिशा दाखविणारा बाण पुष्कळ पंख्यांच्या चौकटीवर असतो, तो पाहूनच पंखा बसवावा. लहान पंखा वेगानें फिरविण्यापेक्षां १२० मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरविणें बरें; आवाज कमी होतो. पुढच्या पंख्यास बारीक जाळी लावून ती पंधरा दिवसांनीं झाडावी.

डिस्क पुढच्या पंख्याच्या पाठीमागेंच असावी. दोन डिस्का असल्यास मध्यें एक खण रिकामा सोडावा. तिचे सर्व स्क्रू घट्ट बसवावे, म्हणजे उष्णता धातूच्या चौकटींत उतरेल. वायरी बाजूस बांधून हवेची वाट मोकळी करावी. पुष्कळ डिस्कांच्या झांकणावर श्वासासाठीं एक बारीक छिद्र असतें. तें कधींहि चिकटपट्टीनें बुजवूं नये. हीं कामें संगणक बंद करून व वीजेची पिन काढूनच करावीं. डिस्क आपलें उष्णतामान स्वतः मोजते. तें दाखविणारे प्रोग्राम फुकट मिळतात, म्हणून महिन्यांतून एकदां तरी तें पाहावें.

पावसाळ्यांत संगणक आठ आठ दिवस पडून राहूं देऊं नये. दोन-तीन दिवसांनीं तासभर चालवावा, म्हणजे आंतला ओलावा जाईल. बर्फ किंवा ओलें फडकें जवळहि आणूं नये. वातानुकूलित कचेरींतून २२ अंशांवरची डिस्क आणून लागलीच जोडूं नये. वर सांगितलेल्या दमट हवेंतील बाष्प २६ अंशांखालील धातूवर दंवासारखें जमतें. पिशवी बंद ठेवून ती खोलीच्या उष्णतामानास येऊं द्यावी.

शेवटीं एक सांगणें आहे. किती जपलें तरी प्रत्येक डिस्क एक ना एक दिवस थांबणारच. १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते वादळ ह्या किनाऱ्यावरून गेलें तेव्हां कौलें, माड व विजेचे खांब ह्यांची काय अवस्था झाली तें आपण पाहिलेंच आहे; अशा वेळीं पंख्याची सोय काय कामाची ? म्हणून जें मोलाचें आहे त्याची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर, आणि शक्य तर निराळ्या गांवीं ठेवावी. विद्यार्थ्यांनो, घरांतील वडील माणसांचा आवाज आज सांठवून ठेवा, आणि त्याच दिवशीं त्याची दुसरी प्रत करा. आम्हीं तें उद्यांवर टाकिलें होतें.