परसातला भुईमूग

हा लेख वार्षिकाच्या विज्ञान विभागात न छापता इथे का छापला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, भुईमुगाची हकिगत मुळात एका शब्दापासून सुरू होते. भुईमूग म्हणजे भुईतला मूग. ज्या कोणी हे नाव प्रथम उच्चारले असेल, त्याने झाड उपटून नीट पाहिले होते यात शंका नाही. मातीतून वर आलेल्या त्या वस्तूला त्याने कंद म्हटले नाही, मूळ म्हटले नाही. मुगासारखी शेंगच म्हटले. १७५३ साली लिनीयसने या वनस्पतीला ‘अ‍ॅराकिस हायपोजिया’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातल्या ‘हायपोजिया’चा अर्थही ‘भुईखालचा’ असाच आहे. आमचा शेतकरी आणि तो स्वीडिश पंडित, दोघांचेही बोट एकाच गोष्टीवर पडले.

मौज अशी की, हे पीक आपल्याकडचे नव्हे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिका. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ते जगभर पसरले आणि आपल्या मातीत असे रुजले की, आज मराठी घरात नुसते ‘दाणे’ म्हटले तरी पुरते. ज्वारीचे दाणे, मक्याचे दाणे असे वेगळे सांगावे लागते. ‘दाण्याचे कूट’ म्हटल्यावर कसले दाणे, असे कोणी विचारीत नाही. उपवासाच्या ताटाकडे पाहा. शेंगदाणे, बटाटा, रताळे, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो तो टॅपिओका, ही सगळी मंडळी अमेरिकेहून आलेली. ती एकादशीला चालतात आणि इथलीच पुरातन तूर मात्र चालत नाही! असो.

कऱ्हाडजवळच्या आमच्या घरामागे १० फूट बाय १२ फुटांचा एक वाफा आहे. गेली तीन वर्षे पावसाळ्यात त्यात आम्ही भुईमूग घेतो. घरात तो लावणारी मी आणि माझी आजी. अनुभवाने मला एक गोष्ट पटली आहे : भुईमुगाच्या मशागतीचे नियम पाठ करण्याची गरज नाही. फूल वर आणि शेंग खाली, हा त्या झाडाचा स्वभाव नीट समजला की, बाकीचे सारे नियम त्यातून आपोआप निघतात. म्हणून आधी तो स्वभाव सांगते.

पेरणीनंतर साधारण २५ ते ३० दिवसांनी पानांच्या बेचक्यांतून पिवळी फुले दिसू लागतात. फूल सूर्योदयाच्या सुमारास उमलते आणि त्याच दिवशी मलूल होते; उशिरा उठणाऱ्याला ते दिसायचे नाही. परागीकरण फुलाच्या मिटलेल्या भागात आतल्या आतच होऊन जाते, त्यासाठी भुंग्याची वाट पाहावी लागत नाही. फुलाखाली जो लांब देठ दिसतो तो खरे म्हणजे देठ नव्हेच. ती एक नळी असते आणि बीजकोश तिच्या तळाशी, पानाच्या बेचक्यात बसलेला असतो. फूल सुकले की, आठवडाभरात त्या जागेतून जांभळट रंगाचा, सुईसारखा एक अंकुर निघतो. शेतकरी त्याला ‘आरी’ म्हणतात. झाडाचे बाकीचे सगळे शेंडे उजेडाकडे धावतात. ही एकटी आरी सरळ खाली जमिनीकडे जाते. तिच्या टोकाशी भावी दाणे असतात. मातीत दोन-तीन बोटे खोल गेल्यावर ती आडवी वळते आणि अंधारात तिचे टोक फुगून शेंग तयार होते. ज्या आरीला माती भेटत नाही ती वरच्या वर सुकते. वीतभर उंचीवर निघालेल्या आऱ्या बहुधा वाया जातात.

आता नियम पाहू. आरी नाजूक असते, म्हणून वरची माती भुसभुशीत हवी. आमची जमीन कृष्णाकाठची काळी. ओली असता चिकट आणि वाळली की दगड. भुईमुगाला ती मुळीच मानवत नाही. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही वाफ्यात सहा पाट्या वाळू आणि तीन पाट्या कुजलेले शेणखत मिसळले, आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच केला. ज्यांची जमीन तांबडी, रेताड आहे त्यांनी हा खटाटोप करू नये. त्यांना निसर्गानेच तो करून दिला आहे.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात चांगला पाऊस होऊन वाफसा आला की पेरायचे. ‘वाफसा’ हाही फार नेमका शब्द. मातीत ओल आहे पण चिखल नाही, मूठ वळते आणि बोटाने दाबली की फुटते, अशी ती अवस्था. दोन ओळींत १ फूट, दोन दाण्यांत अर्धा फूट आणि खोली बोटाची दोन पेरे. आमच्या वाफ्याला सुमारे अडीचशे दाणे लागतात, म्हणजे वजनाने जेमतेम शंभर ग्रॅम. बियाणे शेंगेतच ठेवावे आणि पेरणीच्या आदल्या दिवशी हाताने फोडावे. वाण्याकडचे दाणे यंत्राने फोडलेले असतात. त्यांतल्या पुष्कळांचे लाल साल सोललेले आणि टोकाचा अंकुर दुखावलेला असतो. आम्ही जळगावच्या संशोधन केंद्रातून निघालेला ‘फुले प्रगती’ हा उपट्या वाण लावतो. पसऱ्या जातीही चांगल्या, पण त्या जागा जास्त अडवतात आणि महिनाभर उशिरा तयार होतात. पेरल्यावर आठवडाभर वाफ्यावर बाभळीच्या काट्या पसरून ठेवाव्यात. कावळे आणि खारी यांना आपण दाणे कुठे पुरले हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

खुरपणी आणि मातीची भर हे सगळे फुले लागेपर्यंत उरकून घ्यायचे. भर दिल्याने वरच्या आऱ्यांना जमीन जवळ येते. मोठ्या शेतांतून याच कामासाठी ४० ते ५० दिवसांच्या पिकावर रिकामा ड्रम फिरवतात. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस उभे पीक चिरडतो आहे! एकदा आऱ्या जमिनीत शिरल्या की, मात्र खुरपे खुंटीला टांगावे. त्यानंतर तण दिसले तर ते हाताने, हळू उपटावे. पाऊस उघडला तर फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत पाणी द्यावे, कारण वरचा थर वाळून कडक झाला तर आरी आत शिरू शकत नाही.

आरीचा आणखी एक विशेष आहे. शेंगेला लागणारा चुना, म्हणजे कॅल्शियम, मुळांकडून फारसा मिळत नाही. तो तिला भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषावा लागतो. तो कमी पडला तर शेंग बाहेरून धट्टीकट्टी आणि आतून पोचट निघते. यासाठी जिप्सम घालतात. शेतीला हेक्टरी ४०० किलोपर्यंत सांगतात. त्या हिशेबाने आमच्या वाफ्याला चारशे ग्रॅम पुरे. निम्मे पेरताना आणि निम्मे आऱ्या सुटताना झाडांच्या बुंध्याशी. नत्राची काळजी मात्र फारशी नको. मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसली की, काम चालू आहे असे समजावे. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) ज्यांनी वाचले आहे, त्यांना टस्कीगीच्या कार्व्हरने कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला का सांगितले, हे इथे ध्यानात येईल.

काढणी हा खरा कसोटीचा भाग. झाड पिवळे पडू लागते, खालची पाने गळतात. पण पीक भुईच्या पोटात, दिसणार कसे? शंभराव्या दिवसाच्या सुमारास एक-दोन झाडे उपटून शेंगा फोडून पाहाव्यात. टरफल आतून पांढरे असेल तर थांबावे. बहुतेक शेंगांचे टरफल आतून काळसर झाले की काढावे. (ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खायच्या असतील तर पंधरा दिवस आधीच चार झाडे उपटावीत. हा मोह आवरण्याचा उपदेश मी करणार नाही.) परंतु फार थांबणेही धोक्याचे. उपट्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था नसते. पिकलेल्या शेंगांवर परतीचा पाऊस पडला की, दाणे जमिनीतच मोड काढतात. म्हणून ऑक्टोबर उजाडला की, आमच्या घरी एक डोळा टरफलावर आणि एक आभाळावर असतो. माती कोरडी असेल तर आदल्या दिवशी थोडे पाणी द्यावे, बाजूने कुदळीने माती सैल करावी आणि मग झाड उपटावे. नाहीतर आऱ्या तुटतात आणि शेंगा मातीतच राहतात.

या मातीत राहिलेल्या शेंगांवर एके काळी कित्येक घरांच्या चुली चालत. मालकाची काढणी झाली की, भूमिहीन बाया खुरपी घेऊन शेतात शिरत आणि राहिलेल्या शेंगा उकरून काढीत. त्याला ‘सरवा’ म्हणतात. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत माझी आजीही सरवा वेचायला जाई. दिवसभराच्या उन्हात ओटीभर शेंगा मिळत. त्यामुळे आमच्या वाफ्यातली झाडे उपटून झाली की, ती अजूनही खाली बसते आणि सगळा वाफा बोटांनी चाळून काढते. त्यातून दीड-दोन ओंजळी निघतातच.

आणि इथेच आमचे दोघींचे पहिल्या वर्षी वाजले. शेंगा वाळवून निवडताना काही फुटक्या, काही अळीने टोकरलेल्या, काहींच्या दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी. आजीने चांगल्या शेंगा एका सुपात आणि या दुसऱ्या सुपात काढल्या. दुसऱ्या सुपातल्या चटणीला. भाजल्यावर काय कळते, असा तिचा हिशेब. मी म्हणाले, ‘‘आजी, हे टाकून दे.’’ ती म्हणाली, ‘‘अगं, एकेका शेंगंसाठी आमी उन्हात भुई उकरलीया. टाकायला काय झालं?’’

काय झाले ते मला सांगावे लागले. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता संशय त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर आला. तिच्यात ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ नावाच्या बुरशीने तयार केलेले विष सापडले. त्याचे नाव ‘अफ्लाटॉक्सिन’. ते यकृताला घातक आहे आणि दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. धुण्याने ते जात नाही, भाजण्याने थोडे कमी होते पण संपत नाही, आणि चवीवरून ओळखू येत नाही. शेवटच्या आठवड्यांत पाण्याचा ताण पडला, टरफलाला इजा झाली किंवा शेंगा सावकाश, दमटपणात वाळल्या की या बुरशीचे फावते. म्हणून उपटलेली झाडे शेंगा वर करून दोन-तीन दिवस उन्हात ठेवावीत, मग शेंगा तोडून पुन्हा चार-पाच दिवस पातळ पसरून वाळवाव्यात आणि रात्री दव लागू देऊ नये. शेंग कानाशी हलवल्यावर दाणे खुळखुळले आणि दाणा दाताखाली कटकन तुटला की झाले.

आजीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, ‘‘बरं, मग कोंबड्यांना टाकते.’’ टर्की म्हणजे कोंबडीचीच थोरली बहीण, हे तिला पुन्हा समजावून सांगितले. तेव्हा कुठे ते सूप बंबाकडे गेले. चटणी मात्र तिने त्या वर्षी मोजूनमापूनच वाढली.

तीन वर्षांचा आमचा अनुभव असा की, या एवढ्याशा वाफ्यातून सरासरी अडीच किलो वाळल्या शेंगा मिळतात. फोडल्यावर दाणे पावणेदोन किलोच्या आसपास. श्रमाचा हिशेब धरला तर वाण्याचे दाणे कितीतरी स्वस्त पडतील, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. पुढच्या जूनसाठी आजी सगळ्यांत आधी पाव किलो भरदार, दोन दाणी शेंगा बाजूला काढते आणि कापडी पिशवीत घालून आढ्याला टांगते. त्या पिशवीला हात लावायची घरात कोणालाही मुभा नाही. ऐन संकष्टीला खिचडीत दाणे कमी पडले तरी ते कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणावे लागतात.