मॉन्झात सुसाट पळणारी गाडी मोनॅकोत का अडखळते?

फॉर्म्युला वनच्या एका मोसमात तेच संघ, तेच चालक आणि साधारण त्याच गाड्या जगभर फिरतात. तरीही एका आठवड्यात सगळ्यांच्या पुढे असलेला संघ पुढच्या शर्यतीत पार मागे पडलेला दिसतो. चालक रातोरात गाडी चालवायला विसरत नाही. बदलते ते सर्किट.

पंखांचे गणित काय?

रेसिंग कारच्या पुढे आणि मागे असलेले पंख विमानाच्या पंखांच्या उलट काम करतात. विमानाचा पंख उचलतो, गाडीचा पंख तिला रस्त्यावर दाबून धरतो. या दाबाला डाउनफोर्स म्हणतात. तो जितका जास्त, तितके टायर रस्त्याला घट्ट धरतात आणि वळणावर वेग कमी करावा लागत नाही. पण मोठा पंख हवाही अडवतो आणि सरळ रस्त्यावर गाडी मंदावते. एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागते. २०२६च्या नियमांनुसार सरळ रस्त्यावर पंखांचा कोन बदलून हवेचा अडथळा कमी करता येतो. त्यामुळे हा पेच थोडा सैल झाला आहे, पण सुटलेला नाही.

मॉन्झा : वेगाची किंमत

इटलीतील मॉन्झाची फेरी ५.७९३ किलोमीटरची. वळणे मोजकी, बाकी सरळ रस्ते. २०२०मध्ये लुईस हॅमिल्टनने येथे पात्रता फेरीत ताशी सुमारे २६४ किलोमीटर वेगाने फेरी पूर्ण केली. हा सरासरी वेग आहे, कमाल नव्हे! इथे संघ सर्वांत लहान पंख लावतात. त्यामुळे ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास धावणारी गाडी पहिल्या अरुंद वळणासाठी एकदम थांबवताना ती रस्त्यावर नीट दाबलेली नसते. ब्रेक किंचित उशिरा लागला तर वळण हुकलेच.

१९७०मध्ये योखेन रिंटने इथे वेग वाढवण्यासाठी लोटस गाडीचे पंखच काढून टाकले होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी पॅराबोलिका वळणाआधी ब्रेक लावताना गाडी कुंपणावर आदळली आणि त्याचा मृत्यू झाला. ब्रेकचा शाफ्ट तुटल्याने अपघात झाला, असे मानले जाते. त्याची गुणसंख्या उरलेल्या मोसमात कुणालाच ओलांडता आली नाही. मरणोत्तर जगज्जेता ठरलेला तो आजवरचा एकमेव चालक आहे. मॉन्झाचा वेग मोडण्यासाठी १९७२पासून तिथे शिकेन, म्हणजे मुद्दाम घातलेली नागमोडी वळणे आली.

मोनॅकोत इंजिनाला किंमत किती?

मोनॅकोत शर्यत शहराच्या नेहमीच्या रस्त्यांवर होते. फेरी अवघी ३.३३७ किलोमीटरची. इतरत्र शर्यत किमान ३०५ किलोमीटरची असते, इथे ७८ फेऱ्या मिळून २६० किलोमीटरच. हॉटेलसमोरच्या यू-आकाराच्या वळणावर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास येतो, आणि तिथे वळता यावे म्हणून संघ स्टीअरिंगची रचनाही बदलतात. लोखंडी कठडे इतके जवळ असतात की वीतभर चूकही चाक मोडू शकते.

इंजिनाची ताकद इथे किती दुय्यम ठरते, हे २०१८मध्ये दिसले. आघाडीवरच्या डॅनियल रिकार्डोच्या रेड बुलची विद्युत मोटर शर्यत निम्मीही झालेली नसताना बंद पडली आणि सुमारे १६० अश्वशक्ती गेली. मॉन्झात असे झाले असते तर दोन-चार फेऱ्यांत सगळे पुढे निघून गेले असते. मोनॅकोत रस्ता अरुंद असल्याने सेबॅस्टियन व्हेटेलला ओव्हरटेक करता आले नाही आणि रिकार्डो जिंकला. त्यामुळेच इथे रविवारच्या शर्यतीपेक्षा शनिवारची पात्रता फेरी अधिक रंगते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. शर्यतीत थोडी रंगत यावी म्हणून २०२५मध्ये दोन पिट स्टॉप सक्तीचे करावे लागले.

हवा विरळ असेल तर?

मेक्सिको सिटीचे सर्किट समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे त्याहूनही वर. इथे हवाच विरळ. संघ मोनॅकोसारखे मोठे पंख लावतात, तरी मिळणारा दाब मॉन्झाइतकाच भरतो. ब्रेक आणि इंजिन थंड करायलाही हवा कमी पडते. सिंगापूरमध्ये हवा भरपूर, पण दमट. रात्रीच्या त्या शर्यतीत घामावाटे चालकाचे वजन दोन-तीन किलोने घटू शकते.

स्पाचा पेच

बेल्जियममधील स्पा मात्र अभियंत्यांना खरोखर कोड्यात टाकते. ७.००४ किलोमीटरच्या फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी लांब सरळ रस्ते, तर मधल्या भागात वळणेच वळणे. पंख लहान लावावा की मोठा? त्यात आर्देन्सच्या जंगलात एका टोकाला पाऊस आणि दुसरीकडे रस्ता कोरडा, असेही घडते. २०२१मध्ये तर पावसामुळे सेफ्टी कारच्या मागे मोजक्या फेऱ्या झाल्या आणि निम्मे गुण वाटले गेले.

याच सर्किटवर ओ रूज आणि रेदियाँ ही चढावरची जोड वळणे आहेत. चालक ॲक्सिलरेटर न सोडता वर चढतो, पण माथ्यापलीकडे काय आहे हे त्याला दिसत नाही. २०१९मध्ये फॉर्म्युला टूच्या शर्यतीत इथेच २२ वर्षांच्या आंत्वान ह्युबेरचा मृत्यू झाला. घसरलेल्या गाड्या कुंपणावर आपटून पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून २०२२च्या शर्यतीआधी वळणाबाहेरची मोकळी जागा वाढवण्यात आली. चढ आणि वळण मात्र तसेच ठेवले आहेत.