महागाईचा दर आणि सामान्यांची चिंता : २००८-०९ च्या अनुभवाचे विवेचन

प्रस्तावना :

मंदी आणि महागाई या अर्थशास्त्राच्या प्राथमिक विवेचनात बहुधा परस्परविरोधी अवस्था मानल्या जातात. मंदीत मागणी घटून किमती उतरतात, तेजीत मागणी वाढून त्या चढतात, असे सांगितले जाते. २००८-०९ या काळात मात्र भारतातील सामान्य कुटुंबाला नोकरीची अशाश्वती आणि वाढता किराणा खर्च या दोन्ही संकटांना एकाच वेळी तोंड द्यावे लागले. त्यातच २००९ च्या जूनमध्ये महागाईचा दर शून्याखाली गेल्याचे जाहीर झाले. महागाई खरोखरच संपली असेल, तर ती बाजारात का जाणवत नाही, हा लोकांचा प्रश्न होता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

दर आणि किंमत पातळी :

महागाईचा दर म्हणजे किंमत नव्हे. तो किमतीतील बदलाचा वेग होय. समजा, एखाद्या वस्तुसमूहाची किंमत १०० रुपयांवरून वर्षभरात ११२ रुपये झाली आणि पुढील वर्षी १११ रुपये झाली. दुसऱ्या वर्षीचा दर उणे येईल. परंतु ग्राहकाला दोन वर्षांपूर्वीपेक्षा ११ रुपये अधिकच मोजावे लागतील. त्याचे उत्पन्न १०० रुपयांवरच थांबलेले असेल, तर दर उणे झाल्याने त्याला दिलासा मिळत नाही. २००८-०९ मध्ये काहीसे असेच घडले. घाऊक किमतींवर आधारित महागाईचा दर २ ऑगस्ट २००८ रोजी संपलेल्या आठवड्यात १२.९ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. त्या उच्च पातळीशी तुलना झाल्यामुळे ६ जून २००९ रोजी संपलेल्या आठवड्यात तो उणे १.६१ टक्के आला.

निर्देशांकातील भेद :

दुसरे कारण निर्देशांकाच्या रचनेत आहे. त्या वेळी वृत्तपत्रांतून दर आठवड्याला चर्चिला जाणारा दर हा १९९३-९४ या पायाभूत वर्षाच्या घाऊक किंमत निर्देशांकावर आधारित होता. त्यात कारखानदारी वस्तूंचा भार सुमारे ६४ टक्के, तर इंधन व वीज यांचा सुमारे १४ टक्के होता. घरभाडे, शिक्षण शुल्क, डॉक्टरांची फी यांसारख्या सेवांना त्यात स्थानच नव्हते. जुलै २००८ मध्ये पिंपामागे १४७ डॉलरवर गेलेले खनिज तेल डिसेंबरमध्ये ४० डॉलरखाली आले. धातूंच्या किमतीही कोसळल्या. साहजिकच घाऊक निर्देशांक उतरला.

याउलट औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात (पायाभूत वर्ष २००१) अन्नपदार्थांचा भार सुमारे ४६ टक्के होता. २००९ चा पावसाळा १९७२ नंतरचा सर्वांत तुटीचा ठरला. अन्नधान्य, डाळी व साखर महागली आणि या निर्देशांकावर आधारित दर जानेवारी २०१० मध्ये १६ टक्क्यांवर गेला. अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नावरील खर्चाचा वाटा अधिक असतो. म्हणजेच ही महागाई सर्वांना सारखी नव्हती. ती गरिबाला अधिक जाचक होती.

मंदीचे स्वरूप :

तांत्रिकदृष्ट्या भारतात मंदी आली नव्हती. तत्कालीन मालिकेनुसार वृद्धिदर ९ टक्क्यांहून अधिक होता, तो २००८-०९ मध्ये ६.७ टक्क्यांवर आला. परंतु श्रम मंत्रालयाच्या पाहणीनुसार ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तिमाहीत सुमारे ५ लाख रोजगार गेले. वस्त्रोद्योग, रत्ने व आभूषणे यांसारख्या निर्यातप्रधान उद्योगांना याची विशेष झळ बसली. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ मध्ये ९ टक्के असलेला रेपो दर एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला. त्यामुळे कर्ज स्वस्त होऊ शकते. पाऊस न पडल्याने महागलेली तूरडाळ मात्र स्वस्त होत नाही.

महागाई भत्ता आणि त्याबाहेरचे लोक :

या भेदाचा प्राध्यापक वर्गाशीही निकटचा संबंध आहे. केंद्र शासनाचा महागाई भत्ता घाऊक नव्हे, तर औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. राज्य शासनही सामान्यतः, काहीशा विलंबाने, तोच दर स्वीकारते. त्यामुळे नियमित वेतनश्रेणीतील अध्यापकाला भाववाढीची अंशतः भरपाई मिळते. त्याच विभागात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला असा भत्ता नसतो. शेतमजूर, घरकामगार व छोटे विक्रेते यांची स्थितीही तशीच आहे. एकाच बाजारात, एकाच भावाने खरेदी करणाऱ्या दोघांची चिंता म्हणूनच सारखी नसते.

निष्कर्ष :

या अनुभवातून धोरणकर्त्यांनीही बोध घेतला. २०११ पासून ग्रामीण व नागरी भागांचा संयुक्त ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. ऊर्जित पटेल समितीने २०१४ मध्ये चलनविषयक धोरणासाठी तोच आधार सुचविला आणि २०१६ मध्ये त्यानुसार ४ टक्क्यांचे लक्ष्य ठरले. तथापि कोणताही एक आकडा सरासरीच असतो. लोकांची महागाईविषयीची तक्रार आकडेवारीशी जुळत नाही, म्हणून ती अज्ञानातून आलेली आहे, असे मानणे अशास्त्रीय ठरेल. महागाईचा दर वर्गात शिकविताना तो कोणत्या वस्तूंचा, कोणत्या कालावधीशी तुलना करून काढलेला आणि कोणाच्या खर्चाचा आहे, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावयास शिकविणे अगत्याचे आहे.